हळदी-कुंकवाची स्टेपनी

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. जुनी म्हणजे वयानं. कामानं म्हणाल तर कोरी करकरीत. जीपच्या मागच्या दाराला जे जादा चाक टांगलेलं असतं ना, तीच मी. माझ्या चार बहिणी रस्ता तुडवून झिजल्या, त्यांच्या जागी नव्या आल्या, त्याही झिजायला लागल्या. आणि मी आपली दाराला लटकलेली! चाकाच्या जन्माला येऊन चालायचंच नाही, याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

कारखान्यातल्या तापल्या साच्यातून बाहेर पडलो तेव्हा आम्ही पाच जणी अगदी सारख्या होतो. भूमच्या बजरंगनं जीप घेतली, चौघी खाली गेल्या आणि मला मागं टांगलं. बजरंग बागायतदार, मनाचा चांगला, पण 'आत्ता होतंय' हा त्याचा जप. कुठलंही काम सांगा, 'आत्ता होतंय' म्हणणार आणि ते काम तिथंच राहणार. पहिल्याच आठवड्यात त्यानं बाजारातून माझ्यासाठी रेक्झिनचं कव्हर आणलं. त्यावर येरमाळ्याच्या येडाईचं चित्र होतं, ठसठशीत मळवट भरलेलं. मला वाटलं, चला, चालवलं नाही तर नाही, नटवलं तरी! पण तिथंच माझा घात झाला.

बजरंगची आई कस्तुराबाई सकाळी अंगणात आल्या. चित्र बघताच त्यांनी डोक्यावर पदर घेतला, हळदी-कुंकू वाहिलं आणि घरादाराला बजावलं, "हिला कुणी पाय लावू नगा रं. आई बसलीय इथं."

झालं! त्या दिवसापासून माझी देवी झाली. दर शुक्रवारी हळदी-कुंकू, दसऱ्याला झेंडूचा हार. गाडी दुरुस्तीला गेली की मिस्त्री विचारायचा, "स्टेपनीची हवा बघू का?" बजरंग जीभ चावून म्हणायचा, "राहू द्या मिस्त्री, देवीच्या अंगाला पाना लावता व्हय!" मित्रांनो, न चालणाऱ्या चाकाचीही हवा हळूहळू जाते. मी आतून रिकामी होत होते आणि घरदार माझ्या पाया पडत होतं. तोंड नाही, बोलणार कशी? जीव नुसता तडफडायचा.

गेल्या वर्षी दसरा-पौर्णिमा उरकली आणि बजरंगचं घर तुळजापूरला निघालं. त्याच्या लेकराचं, उत्कर्षचं, जावळ काढायचं होतं. जावळाला बाळ मामाच्या मांडीवर लागतं. मामा रणधीर फौजेत. बजरंगच्या बायकोचा, वैष्णवीचा, पाठचा भाऊ. त्यानं भाचा अजून डोळ्यांनी बघितला नव्हता. रजा तोकडी मिळाली होती आणि त्याच संध्याकाळी सोलापूरहून त्याची रेल्वे होती. तो सकाळपासून तुळजापुरात येऊन बसणार होता. "दुपारच्या आत पोचायचं बरं का," हे वैष्णवीनं घरी सांगितलं, वेशीवर सांगितलं, येरमाळ्यात पुन्हा सांगितलं.

"आत्ता होतंय की," बजरंग म्हणाला.

मागच्या दारावरून जग कसं दिसतं, ठाऊक आहे? सगळं निघून गेलेलं! येडाईचा डोंगर मला दिसला तो सोडून जाताना. येडशीचं हिरवंगार जंगल दिसलं ते मागं पडताना. परतीचा पाऊस लई झाला होता, म्हणून रामलिंगच्या देवळाजवळचा धबधबा अजून धो धो पडत होता. पण बजरंगनं गाडी तोंड धबधब्याकडं करून लावली. माझ्या वाट्याला नुसता आवाज! वर एक माकड माझ्या डोक्यावर येऊन बसलं आणि माझा हार खाऊन गेलं.

महादेवाचं दर्शन झालं. वैष्णवी म्हणाली, "चला आता. रणधीर वाट बघत असंल."

"धा मिनिटं गं. पोराचा धबधब्यापाशी एक फोटू काढू."

एक फोटो पोराचा, एक आईबरोबर, एक सगळ्यांचा. मग पोर रडलं म्हणून सगळे पुन्हा. मला वाटत होतं, या माणसाला उचलून गाडीत कोंबावं.

शेवटी निघालो. घाटाच्या वळणावर फस्स झालं आणि मागची उजवी बहीण बसली. खरं सांगते, मला वाईट वाटायच्या ऐवजी आनंदच झाला. आली गं बाई, माझी पाळी आली! मामा-भाच्याची भेट आता माझ्यावर होती. त्या उतावळेपणात माझ्यात किती हवा उरलीय, हेच मी विसरले.

बजरंग पाना घेऊन आला, तर कस्तुराबाई आडव्या. "असंच उपटतोस व्हय तिला? आधी नारळ फोड, कपाळ टेक." चपला निघाल्या, नारळ फुटला, खोबरं वाटून झालं. मग कुठं कव्हर उतरलं आणि मला खाली बसवलं. जॅक खाली आला. गाडीचा भार अंगावर आला आणि मी पार रिमपर्यंत चपटी झाले. इतकी वर्षं ज्या रस्त्यासाठी झुरले, त्याला टेकले ती अशी.

"आयला! हिच्यात हवाच न्हाय!" बजरंग ओरडला.

"कोपली गं माय!" कस्तुराबाईंनी हात जोडले. "काय चुकलं आमचं?"

आता वैष्णवीचा तोल गेला. "आत्याबाई, कोपलंबिपलं कुणी न्हाय. इतकी वर्सं कुंकू लावलं तुम्ही, हवा कुणी बघितली का? माझा भाऊ तिकडं ताटकळत बसलाय, अन् आपण इथं खोबरं खातोय!"

तिचं एक अक्षर खोटं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

एका मोटरसायकलवाल्याच्या मागं बसून बजरंग फुटलेलं चाक घेऊन येडशीला गेला. तिथून त्यानं मेव्हण्याला फोन केला, "थांबा, आत्ता होतंय." बिचारा थांबला. चाक दुरुस्त होऊन आलं तोवर उन्हं कलली होती. मी पुन्हा कव्हर घालून माझ्या जागी लटकले आणि धाराशिव जवळ आलं तेव्हा वैष्णवीचा फोन वाजला.

"ताई, लई वाट बघितली गं," रणधीर म्हणत होता. "सोलापूरच्या एस्टीत बसलोय. रेल्वे चुकली तर माझं काई खरं न्हाय." मग म्हणाला, "फोन बाळाच्या कानाला लाव की."

वैष्णवीनं लावला. बाळ खिदळलं आणि फोन चाटायला लागलं.

तुळजापुरात कस्तुराबाई हळूच म्हणाल्या, "एखादा मानलेला मामा बसवू का?"

"मामा जिता असताना मानलेला कशाला? वाढू द्या केस," वैष्णवी म्हणाली. जावळ न काढताच सगळे परतले.

पुढच्या शुक्रवारी कस्तुराबाई ताट घेऊन आल्या. देवीची शांत करायची म्हणून पाच नारळही आणले होते. वैष्णवीनं कव्हर उतरवलं, घडी करून देव्हाऱ्यापाशी ठेवलं आणि पाना घेऊन माझे नट सोडवले. "आत्याबाई, देवी देव्हाऱ्यात बसवली. हिला हवा भरून आणते."

तिनं मला हातानं गडगडत नेलं. अंगणातून गल्लीत, गल्लीतून बाजारात, स्टँडसमोरच्या कोंडीरामच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत. मित्रांनो, मी चालत होते! खडे टोचत होते, अंग ठेचकाळत होतं आणि मला आनंदानं रडू येत होतं.

कोंडीरामनं मला फिरवून बघितलं. "वैनी, उन्हानं रबर पार तडकलंय. आता ही गाडीला चालायची न्हाय. नवीच घ्या."

वैष्णवीनं माझ्यावर हात ठेवला आणि मला तिथंच सोडून ती निघून गेली. आता मी कोंडीरामच्या दारात असते, अंगावर चुन्यानं 'पंक्चर' लिहिलेलं. भूमच्या अंगणापासून या दुकानापर्यंत, एवढाच माझा सगळा प्रवास. उत्कर्षचे केस डोळ्यांवर येतात म्हणे. मामाला अजून रजा मिळालेली नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरची गाडी कुठं निघाली, तर हार-नारळ खुशाल घाला, मी नाही म्हणत नाही. पण आधी मागं जा आणि त्या लटकलेल्या चाकाला अंगठ्यानं दाबून बघा. ते आत रिकामं झालं असलं, तरी तुम्हाला सांगायला त्याला तोंड नाही.