ओळीच्या उजवीकडचा कोरा खिळा

मी एक जुना कोरा खिळा आहे. खिळा म्हटल्यावर, मित्रांनो, लगेच भिंतीकडे बघू नका. ठोकायचा खिळा तो वेगळा. पूर्वी छापखान्यात शिशाची एकेक सुटी अक्षरं असत, त्यांना खिळे म्हणत. ते ओळीने जुळवायचे, त्यांवर शाईचा रूळ फिरवायचा, वर कागद दाबायचा, की मजकूर उमटे. माझ्या भावंडांच्या डोक्यावर अक्षरं होती. माझं डोकं सपाट. त्यातून मला मुद्दाम बुटका ओतलेला, म्हणजे रूळ वरून गेला तरी शाई लागू नये. मी कधीच छापला जात नाही. दोन शब्दांच्या मध्ये, ओळीच्या आधी आणि नंतर जी पांढरी जागा दिसते ना, ती मी.

पुण्याकडच्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला आणि १९९१ साली मी एका खोक्यातून कर्नाटकाच्या सीमेवरच्या आळंदला नरहररावांच्या छापखान्यात आलो. आमची रवानगी लाकडी खणांच्या पेटीत झाली, तिला केस म्हणत. अक्षरांचा तोरा काय सांगू! ‘श्री’ तर सगळ्यांत मिजासखोर. प्रत्येक पत्रिकेत त्याची जागा सगळ्यांत वर, अगदी मधोमध. आम्हा कोऱ्यांना बघून सगळे नाक मुरडायचे. यांना काय, भरतीला घेतात, म्हणायचे. मला राग यायचा, पण सांगणार कुणाला? बोलायला डोक्यावर अक्षर लागतं.

नरहरराव लग्नपत्रिकांचे बादशहा होते. आळंदपासून उमरग्यापर्यंत त्यांच्या पत्रिका जात. त्यांची पद्धत एकच. प्रत्येक ओळ मधोमध. डावीकडे जेवढे कोरे, उजवीकडे तेवढेच कोरे. चारी बाजूंनी वेलबुट्टी, कोपऱ्यात कलश, आणि जागा उरलीच तर एखादं फूल. उरलेली जागा त्यांना बघवत नसे. गिऱ्हाईक कोरा कागद घ्यायला येत नाही, असं ते म्हणत.

त्यांच्याकडे खिळे जुळवायला रेणू नावाची बाई होती. तिचे वडील मेंढरं राखायचे. ती आधी घासलेटने खिळे धुवायला यायची. धुता धुता कुठला खिळा कुठल्या खणातला हे तिच्या बोटांना पाठ झालं, आणि दोन वर्षांत ती नरहररावांपेक्षा भरभर ओळ जुळवू लागली. ते तिला कुणासमोर शाबासकी देत नसत, पण गिऱ्हाईक आलं की तिच्याकडेच पाठवत.

आता गोष्ट सांगतो ती १९९६ सालची. रेणूचा भाऊ मल्लिकार्जुन दसरा झाला की बायकोला घेऊन पुण्याला इमारतींच्या कामावर जायचा. नऊ वर्षांची मुलगी तुळजा बरोबर जायची. चार महिन्यांनी परत यायची तोवर शाळेतलं सगळं पुढे गेलेलं असायचं. ती तिसरीत दुसऱ्यांदा बसली होती. अशी पोरं गावोगाव होती. तिच्या शाळेच्या मालतीबाईंनी तालुक्याच्या कचेरीत खेटे घालून एक गोष्ट कबूल करून घेतली. मजुरीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी वसतिगृह निघेल, राहणं-जेवण फुकट, पण दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळपर्यंत चाळीस नावं हवीत. एक कमी भरलं तरी नाही.

तुळजाचं नाव पहिलं लागलं. पण मल्लिकार्जुनला भरवसा नव्हता. चाळीस काही व्हायची नाहीत, म्हणाला, आणि पुण्याच्या गाडीत तिच्यासाठीही जागा सांगून ठेवली.

मालतीबाई पत्रक छापायला आमच्याकडे आल्या. रेणूने जीव ओतून ते जुळवलं, पण तिला येत होतं तसंच. वर ‘श्री’. खाली ‘सप्रेम विनंती’. मग शाळेच्या समितीतल्या मोठ्या माणसांची नावं मोठ्या टायपात, मजकूर मधोमध, तारीख सगळ्यांत खाली बारीक. चारी बाजूंनी वेलबुट्टी. लग्नसराईतला गुलाबी कागद उरला होता, त्यावरच छापलं. नरहररावांनी चष्मा वर करून बघितलं आणि मान डोलावली. आम्ही कोरे दोन्ही बाजूंना निम्मेनिम्मे वाटले गेलो होतो. पत्रक दिसायला सुरेख झालं होतं, ते मीसुद्धा नाकारत नाही.

पत्रकं सात गावांत गेली. आठ दिवसांत नावं आली तीन.

शेवटच्या सोमवारला पाच दिवस उरले तेव्हा रेणू मालतीबाईंबरोबर एका वाडीवर गेली. परत आली ती थेट नरहररावांसमोर येऊन उभी राहिली, म्हणून हे मला ऐकायला मिळालं. दोघी आधी सिद्धव्वाच्या घरी गेल्या होत्या. सिद्धव्वाचे तीन नातू दरवर्षी आईबापांबरोबर कामावर जायचे. तिने पाहुण्यांना पाट दिला, पाणी दिलं. देवाच्या फळीवर आमचं पत्रक उभं होतं, कुंकू लावून, वर अक्षता टाकून.

‘‘बाई, कुणाच्या घरचं लगीन हाय हे?’’ सिद्धव्वाने विचारलं होतं. ‘‘सोमवारी लगनाला निघायलोय आमी. खण आणून ठिवलाय आहेराला.’’

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. ज्यांना थोडंफार वाचता येत होतं त्यांनीही वाचलं नव्हतं. लग्नपत्रिका कोण वाचतं? वार विचारायचा आणि फळीवर ठेवायची. म्हणजे सोमवारी सगळी गावं नाव द्यायला नाही, तर नवे कपडे घालून जेवायला येणार होती. मालतीबाईंना वाटेत हसू आवरत नव्हतं. रेणू मात्र हसली नाही. आपल्याच हातांनी भाचीची शाळा बुडवली असं तिला वाटत होतं, आणि ते तिने तसंच बोलून दाखवलं.

नरहररावांना आधी राग आला. पत्रिकेत एक चूक दाखवा, म्हणाले. चूक नव्हतीच. मग रेणूने दारातून तुरीच्या अडतीवरच्या माणिकप्पा हमालाला हाक मारली. माणिकप्पा चौथी शिकलेला, बोट ठेवून वाचणारा. तिने त्याच्या हातात गुलाबी पत्रक दिलं आणि वाचायला सांगितलं. त्याने पहिली ओळ वाचली. दुसरी शोधताना बोट डाव्या कडेला गेलं, तिथे काही नव्हतं. ते आत सरकलं आणि तिसऱ्या ओळीवर उतरलं. दोनदा तसंच झालं. त्याने पत्रक परत दिलं.

‘‘ओळ कुठून सुरू व्हायली तेच घावंना, अक्का,’’ तो म्हणाला.

रेणूने केस पुढे ओढली. ‘श्री’ला तिने हातच लावला नाही. वेलबुट्टी बाजूला ठेवली. मग तिने असं काही केलं की आमच्या खणात एकच खळबळ उडाली. प्रत्येक ओळ तिने डाव्या कडेला चिकटवली, एका ओळीत एकच गोष्ट, आणि उजवीकडे सगळे कोरे. मूठभर नाही, ओंजळीने कोरे. मी पहिल्यांदाच कुणाच्या मागेपुढे न करता माझ्या जातभाईंच्या शेजारी ताठ उभा राहिलो.

मजुरीला जायलाव?
पोरं शाळेत ठिवून जा.
राहणं फुकट. जेवण फुकट.
नाव द्या मालतीबाईंकडे.
सोमवार शेवटचा.

पहिली ओळ तिने लाकडी मोठ्या ठशांत घेतली आणि तिच्याखाली बोटभर जागा सोडली. नरहररावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. अर्धा कागद मोकळा, आणि बोलीत छापलेलं! लोक छापखान्याला हसतील, म्हणाले.

‘‘हसू द्या की, अण्णा. वाचून हसतील. कामून भ्यायचं?’’

नरहररावांनी स्वतः पांढऱ्या कागदावर एक प्रत काढली आणि माणिकप्पापुढे धरली. माणिकप्पाने डाव्या कडेला बोट ठेवलं. ओळ संपली की बोट परत त्याच कडेला यायचं आणि सरळ खाली उतरायचं. एकदाही अडला नाही. वाचून झाल्यावर त्याने बोट शेवटच्या ओळीवरच ठेवलं.

‘‘माझ्या भनीची दोन पोरं हायत. त्यांचं घेतील का?’’

मित्रांनो, नरहररावांनी काय केलं माहीत आहे? टोपी काढून खुंटीला लावली, बाह्या वर सारल्या आणि कन्नडचे खिळे काढून पत्रकाची दुसरी बाजू स्वतः जुळवायला बसले. डाव्या कडेने. तीस वर्षं मधोमध जुळवलेला माणूस! मध्ये एकदा सवयीने हात फुलाकडे गेला, पण त्यांनी तो मागे घेतला. छपाईचं यंत्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबलं नाही. माझ्या आजूबाजूची अक्षरं शाईने माखून थकली, मी मात्र कोरडाच होतो आणि खुशीत होतो.

पत्रकं बाजारात वाटली गेली. माणिकप्पाने अडतीवर एका पोत्यावर चढून आठ वेळा वाचून दाखवलं, आणि नवव्या वेळी दुसराच कुणीतरी वाचायला लागला. शनिवारी नावं झाली सतरा. रविवारी एकतीस. सोमवारी सकाळी सिद्धव्वा तिन्ही नातवांना घेऊन शाळेत हजर झाली, आणि आणलेला खण वाया कशाला घालवायचा म्हणून तिने मालतीबाईंचीच ओटी भरली. संध्याकाळी कचेरीचा माणूस यादी न्यायला आला तेव्हा तीवर एकसष्ट नावं होती. चाळीस नव्हे, एकसष्ट! शाळेच्या अंगणात हलगी वाजली. पुण्याची गाडी दुसऱ्या दिवशी सुटली, आणि मल्लिकार्जुनने तुळजासाठी सांगितलेल्या जागेवर सिमेंटचं घमेलं ठेवलेलं होतं.

पुढची आठ वर्षं आमची होती. दवाखान्याचं पत्रक, बियाण्याची माहिती, शाळेच्या वेळा, जो तो येऊन ‘रेणूअक्का जुळवतात तसं’ मागायचा. नरहरराव लग्नपत्रिका मधोमधच छापत राहिले आणि ते बरोबरच होतं. लग्नाला मांडव हवाच. पण बाकी कामात ते स्वतःच तिला विचारायचे, कोरे पुरतील ना. एकदा तर कोऱ्यांची वेगळी मागणी ओतशाळेला गेली. ‘श्री’ने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला.

मग संगणक आला. २००४ साली केस रिकाम्या झाल्या आणि आम्ही पोत्यांत भरून भंगारात निघालो. तेव्हा अक्षरं आणि मी एकाच भावाने तोलले गेलो, हे मात्र मला आवडलं. दारातच रेणूने पोत्यात हात घातला आणि मूठभर खिळे काढून घेतले. त्यात मी होतो, एकही अक्षर नव्हतं. आता २०१२ साल आहे. ती संगणकावर पानं जुळवते, आणि मी तिच्या मेजावरच्या पत्र्याच्या डबीत असतो. माझ्या खाली एक घडीचा कागद आहे. त्याच्यामुळेच मी एवढ्या दिमाखात बोलतोय.

त्या कागदाची गोष्ट वसतिगृह निघालं त्याच हिवाळ्यातली, १९९६ची. वसतिगृहातल्या मुलांनी आईबापांना पत्रं लिहिली. तुळजाचं पत्र पुण्याला जाणाऱ्या व्यंकट गवंड्याबरोबर धाडायचं होतं, म्हणून ती ते घेऊन आत्याकडे छापखान्यात आली. डाव्या कडेने पाच ओळी, आणि खाली अर्धा कागद मोकळा. एवढी जागा उरली आहे, अजून काही लिही की, असं नरहरराव तिला म्हणाले.

‘‘न्हाई,’’ तुळजा म्हणाली. ‘‘तिथं अप्पा लिव्हतील.’’

मल्लिकार्जुनने शाळा सोडल्यापासून सही सोडली तर काही लिहिलं नव्हतं. महिन्याभराने व्यंकट तोच कागद परत घेऊन आला. रेणूने तो उभ्यानेच उघडला. त्या दिवशी तिच्याने एकही ओळ जुळवली गेली नाही. तुळजाच्या ओळींखाली, मुलीने ठेवलेल्या जागेत, सिमेंटच्या बोटांचे डाग होते, आणि मोठी वाकडी अक्षरं होती, पण कडेला नीट धरलेली.

तुळजा
आमी बरे हाव
तुजं पत्र मीच वाचलो
फुडच्या सालीबी
तुला ठिवूनच यीन

मित्रांनो, कागद जपून वापरा. आणि जपून म्हणजे गच्च भरून नव्हे. त्यावर दुसऱ्यासाठी थोडी जागा ठेवत जा.