शीळकऱ्याचा आवाज माझ्या पोटात

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. पक्षी मोजणाऱ्यांच्या कचेरीत, कपाटाच्या तिसऱ्या फळीवर मी असतो. माझ्या पोटात एक पाखरू ओरडतं. ते पाखरू आता आमच्या नदीवर नाही, आणि ते गेलं हे कुणाला वेळेवर कळलं नाही, यात माझाही दोष आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी भलताच ऐटीत होतो. वाटलं, आता रोज गाण्याच्या मैफली! नशिबात आली ती एक हलती होडी आणि पक्षी मोजणाऱ्या ताई. नदी इतकी रुंद की पलीकडचा काठ म्हणजे नुसती हिरवी रेघ. मधोमध एक लांबलचक बेट होतं आणि त्यावरच्या बोरूच्या बनात एक करडा पक्षी राहायचा. तो एवढा लाजरा की ताईंनी त्याला उभ्या आयुष्यात दोनदाच पाहिलं. नावाडीकाका त्याला शीळकरी म्हणत. दोन आखूड शिट्ट्या आणि एक लांब, उतरत जाणारी. ताईंनी श्वास रोखून ती शीळ माझ्यात भरून घेतली आणि खट्‌कन बटण दाबलं.

मग दरवर्षी आमची मोजणी सुरू झाली. उजाडताच होडी निघायची. बेटाभोवती बारा ठिकाणं ठरलेली होती. प्रत्येक ठिकाणी मी शीळ घालायची आणि गप्प बसायचं. बनातून उत्तर आलं की ताई कागदावर खूण करत. पहिल्या वर्षी बाराही ठिकाणांहून उत्तर आलं. "याच्यासारखा गवई नाही!" असं काका म्हणायचे, आणि मी फुशारून जायचो.

पुढे लोक बोरू कापू लागले. उत्तरं नवावर आली, चारावर आली. वाळू उपसणाऱ्यांचा बेटावर डोळा होताच. तेव्हा वरच्या साहेबांनी ठरवलं, शीळकरी एका ठिकाणी जरी असला तरी बेटाला हात लावायचा नाही. नसला, तर बेट उपशाला मोकळं. त्यानंतर सहा वर्षं एकाच ठिकाणाहून, वाकलेल्या उंबरापाशी, उत्तर येत राहिलं. दरवर्षी ते ऐकून ताईंच्या जिवात जीव यायचा. कुणाला शंका आली नाही. खरं सांगू? मला आली होती. ते उत्तर ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा, पण पत्र्याच्या पेटीच्या अंगावर कसला काटा, म्हणून मी ते सोडून दिलं.

सातव्या वर्षी काकांनी वल्हं थांबवलं. "ताई, परत लावा. शेवटी काहीतरी वाजतंय."

ताईंनी परत लावलं. उंबरावरून उत्तर आलं. दोन आखूड शिट्ट्या, एक लांब, आणि मग अगदी स्पष्ट, खट्!

उंबराच्या शेंड्यावर दुभंगल्या शेपटीचा काळा कोतवाल बसला होता. नकला करण्यात हा पक्षी पटाईत. ती शीळ तो माझ्याकडून शिकला होता, बटणाच्या आवाजासकट. सहा वर्षं मी बहुधा माझ्याशीच बोलत होतो. शीळकरी कधी गेला, कुठल्या सकाळी गेला, ते कुणालाच ठाऊक नाही.

"खूण करा हो, ताई," काका हळूच म्हणाले. "आवाज तर आलाच ना? माझ्या बापानं या बेटाच्या आडोशाला होडी बांधली. तुम्ही नाही म्हणालात तर उद्या यंत्रं येतील."

ताईंनी पेन्सिल उचलली. "आवाज आला, काका. पक्षी नाही आला. खोटं कसं लिहू मी?"

त्यांनी शून्य लिहिलं आणि मला पिशवीत टाकलं. काका रागाने तोंड फिरवून बसले. मग होडी वळवता वळवता तेच म्हणाले, "बरं, मग बाकीच्यांचं काय? ते बसलेत ना मघापासून ओरडत?"

पिशवीतून मीही ऐकलं. वाळूवर अंडी घालणारे सुरय, दरडीत बिळं करणारे वेडे राघू, बगळे, पाणकावळे. माझ्या एका शिळेपायी इतकी वर्षं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. ताई आणि काका अकरा दिवस माझ्याविना फिरले आणि चौसष्ट जातींची यादी घेऊन साहेबांच्या दारात ठाण मांडून बसले. भांडून भांडून खालचं अर्धं बेट वाचलं. वरचं अर्धं, शीळकऱ्याच्या बनाचं, गेलं. तिथे आता नुसतं पाणी आहे.

वर्षातून एकदा ताई कपाट उघडतात. आधी खोलीच्या खिडक्या लावून घेतात, बाहेर एखाद्या कोतवालाच्या कानी पडायला नको म्हणून. मग मला सुरू करतात. शीळ संपली की त्या बोटाने माझ्यावरची धूळ पुसतात. त्यांना काही सांगावं असं फार वाटतं, पण मला तेवढी एक शीळच येते.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला सांगतो. तुमच्या काठावर जे पाखरू आज ओरडतंय, त्याच्याकडे आजच जा. त्याचं झाड, त्याची वाळू त्याच्यासाठी राखून ठेवा. आवाज भरून घेतला म्हणजे पाखरू वाचलं, असं समजू नका. माझ्या टेपवर अजून बरीच जागा कोरी आहे, आणि मला तिचीच भीती वाटते.