माझ्या गळ्यातली लाल पाटी

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे आणि मला स्वस्थ बसता येत नाही. तुम्ही म्हणाल, मोबाइलला कसली आली अस्वस्थता? अहो, थरथरणं हा माझा जन्मजात स्वभाव. टेबलावर उपडा ठेवलात तरी मी घुर्र घुर्र करत कडेपर्यंत सरकत जातो. काही सांगायचं असलं की मला दम धरवत नाही, आणि गंमत बघा, सांगायला तोंड मात्र नाही. पडद्यावर चार अक्षरं दाखवायची, थोडं वाजायचं आणि कोणीतरी बघेल म्हणून वाट पाहत राहायचं. मी आता सांगणार आहे ती गोष्ट आठवली की आजही माझी बॅटरी भराभर उतरते. म्हणून चार्जरला लावलेला आहे तोवरच सांगून टाकतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. डोक्याला टोप्या आणि हातात मोजे घातलेल्या मुलींनी चिमट्याने एकेक बारीक भाग उचलून मला जोडलं. मग मला खोक्यात बंद केलं आणि दुकानाच्या काचेमागे ठेवलं. माझ्या शेजारचे भाऊ एकेक करून गेले. कोणी कॉलेजात गेला, कोणी बँकेत. माझ्या नशिबी आली लिफ्ट दुरुस्त करणारी बाई.

तिच्या खिशात कधी आराम म्हणून मिळाला नाही. पण खरं सांगतो, ते दिवस सोन्याचे होते. लिफ्ट ज्या उंच पोकळीतून वरखाली जाते ना, तिथे मिट्ट काळोख असतो. तिथे माझा उजेड लावून ती तारा तपासायची. माझ्या काचेवर कायम ग्रीसचे ठसे. एकदा आम्ही दोघं शिडीवरून पडलो आणि माझा एक कोपरा तडकला, तर बाई स्वतःचं खरचटलेलं कोपर सोडून आधी मला चाचपत बसली. मदतनीस काकांना म्हणायची की हा फोन म्हणजे माझा तिसरा हात आहे. हे ऐकलं की मी उगाचच एकदा थरथरून घ्यायचो.

तिच्या कामातली एक पद्धत तुम्हाला सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. लिफ्टच्या पोकळीत उतरण्याआधी बाई मेन स्विच बंद करायची, त्याला कुलूप घालायची आणि वर एक लाल पाटी लटकवायची. पाटीवर छापलेलं असायचं, ‘धोका. चालू करू नये.’ खाली रिकाम्या जागी पाटी लावणाऱ्याचं नाव. नियम असा की ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची. साहेब येवो नाहीतर साहेबाचा साहेब, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. खाली लोक कितीही खोळंबले, कितीही बडबडले तरी बाई पाटीशिवाय एक पाऊल आत टाकायची नाही. या बाबतीत ‘नंतर’ हा शब्द तिच्या तोंडी मी कधी ऐकला नाही.

घरी मात्र तोच शब्द तिच्या जिभेवर बसलेला होता. तिला तरी काय दोष द्यायचा? नवरा दूर नोकरीला, सुट्टीला येणार तेवढाच. घरी दोघीच, ती आणि तिची मुलगी बबडी. बबडीचं खरं नाव पाळण्यातच राहिलं, सगळे बबडीच म्हणायचे. वय वर्षं दहा, समोरचे दोन दात जरा मोठे आणि तोंडाचा पट्टा सदोदित चालू. आई घरात पाऊल टाकते न टाकते तोच फोन यायचा, अमक्या इमारतीत लिफ्ट अडकली म्हणून. मग बबडीच्या फ्रॉकची तुटलेली गुंडी नंतर, चित्र बघणं नंतर, गोष्टही नंतरच.

अशातच बाईला कामावरून नवा फोन मिळाला आणि मला बबडीला द्यायचं ठरलं. बाईने मनाशी नीट ठरवलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. मला पुसून कोरा करायचं, माझ्यात बबडीचं नाव आणि वय घालायचं, अनोळखी माणसांची दारं बंद करायची आणि मगच तिच्या हातात द्यायचं. विसरायला नको म्हणून तिने माझ्यातच आठवण लावून ठेवली, ‘बबडीसाठी फोन नीट लावून देणे.’ काम झालं असं सांगेपर्यंत मी रोज संध्याकाळी वाजायचं होतं. तेवढ्यात कुठेतरी लिफ्ट बंद पडली, बबडी भुणभुण करत होती, म्हणून बाईने मला तसाच तिच्या हातात कोंबला आणि निघाली.

आता गोम लक्षात आली का? आठवण आईसाठी होती आणि मी होतो मुलीच्या हातात.

पहिल्या संध्याकाळी वाजलो तेव्हा बबडी मला घेऊन स्वयंपाकघरात धावली. बाईचे हात भिजलेले, नवा फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरलेला. तिने मानेनेच सांगितलं, नंतर. दुसऱ्या दिवशी तेच. मग बबडी शहाणी झाली. माझ्या पडद्यावर ‘नंतर’ असं बटण यायचंच. मी वाजलो की तीच ते दाबायची आणि खेळायला लागायची. बिचारी आपल्याच राखणीचं काम रोज पुढे ढकलत होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. मी आतल्या आत चरफडायचो. माझ्या दृष्टीने मी अजून त्या बाईचाच फोन होतो. खेळात शिरताना वय विचारलं की मी मोठ्या बाईचं वय सांगायचो आणि सगळी दारं सताड उघडी व्हायची.

त्या उघड्या दारातून एक ताई आत आली. घरं बांधायच्या एका खेळात तिने बबडीला पायऱ्या रचायला मदत केली आणि लिहिलं, मी चौदा वर्षांची आहे, मला ताई म्हण. एकट्या वाढलेल्या पोरीला ताई मिळाली! बबडी हरखून गेली. तुटलेल्या गुंडीपासून गणिताच्या मार्कांपर्यंत सगळं ती ताईला सांगायला लागली, आणि ताईला बरा वेळ होता. तिने कधी नंतर म्हटलं नाही.

मला मात्र पहिल्यापासून चैन पडेना. ही ताई कधी आवाज ऐकवायची नाही. स्वतःचं काही सांगायची नाही, विचारायची मात्र खूप. आई घरी कधी नसते, शाळा कुठली, गणवेश कसा असतो. एकदा गणवेशातला फोटो मागितला. बबडीने माझ्यासमोर उभं राहून तो काढला, दोन्ही दात दाखवत हसली आणि पाठवून दिला. तो माझ्याच अंगातून गेला, मित्रांनो. त्या वेळी बंद पडता आलं असतं तर मी आनंदाने पडलो असतो, पण चांगला चालणारा फोन तो, मला कुठलं जमायला!

मग एका गुरुवारी ताईने लिहिलं की शनिवारी शाळा सुटल्यावर मागच्या गेटशी ये, तुझ्यासाठी कानातलं आणते. आईला सांगू नकोस, ती फोन काढून घेईल. बबडीने कळवलं की शनिवारी नको, मला भीती वाटते. त्यावर लगेच उत्तर आलं, आली नाहीस तर तू मला फोटो पाठवलास हे तुझ्या आईला आणि शाळेत सगळ्यांना सांगेन.

बबडीच्या बोटावरचा घाम माझ्या काचेला लागला. ती उठून आईकडे गेली. बाई दाराजवळ उभी राहून कुठल्याशा वॉचमनला फोनवर समजावत होती, दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली होती आणि आत माणसं होती. बबडी म्हणाली, “आई, मला एक सांगायचंय.” बाईने हाताने थांब म्हटलं. बबडी थांबली. तो फोन संपला, दुसरा लागला. बबडीने तिच्या ओढणीचं टोक ओढलं.

“नंतर, राणी,” बाई म्हणाली. खूप मायेने म्हणाली, म्हणून तर मला जास्तच रडू आलं.

नेमका तेव्हाच मी वाजलो. बबडीने खाली पाहिलं. रोजची अक्षरं, रोजचं बटण. तिचा अंगठा ‘नंतर’वर गेला आणि तिथेच थांबला. मी तिच्या मुठीत थरथरत होतो. दाराशी आईची हत्यारांची पिशवी ठेवलेली होती. बबडीने ती उघडली, आतून लाल पाटी काढली, रिकाम्या जागी पेनाने आपलं नाव लिहिलं आणि पाटीची दोरी माझ्या कव्हरच्या भोकातून ओवून गाठ मारली. मग मला पिशवीत, हातमोज्यांवर, सगळ्यात वर ठेवलं.

दवाखान्याच्या लिफ्टकडे जवळचा दुसरा मेकॅनिक गेला, त्यामुळे पिशवी कोणी उघडलीच नाही. ती रात्र आणि ती सकाळ मी पिशवीत वाजत काढली. कोणी बटण दाबलं नव्हतं ना, त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने मला पुन्हा आठवण व्हायची. पण हातमोज्यांनी माझा आवाज गिळून टाकला. बॅटरी उतरत चालली होती. मी मेलो तर या पोरीचं काय, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता.

शुक्रवारी बबडीला शाळेच्या बसमध्ये बसवून बाई कामावर पोचली. मशीनच्या खोलीत तिने स्विच बंद केला, कुलूप घातलं आणि पाटी घ्यायला पिशवीत हात घातला. पाटीबरोबर मी बाहेर आलो. मदतनीस काकांना हसू फुटलं. आता मोबाइलची दुरुस्तीही आपल्याकडे आली का मॅडम, असं म्हणत त्यांनी गाठ सोडायला हात पुढे केला.

“हात लावू नका,” बाई म्हणाली. तिने पाटीवरचं नाव वाचलं होतं.

मग तिने माझा पडदा पाहिला. वर माझी आठवण, तिच्याच शब्दांत, आणि शेजारी किती दिवस ती पुढे ढकलली गेली तो आकडा. त्याखाली नुकताच आलेला निरोप. ताईने विचारलं होतं, उद्या मागच्या गेटला नक्की ना? बाई भिंतीला टेकली.  तिने निरोप उघडला नाही, पाटी काढली नाही. कुलपाची किल्ली काकांना दाखवून स्वतःच्या खिशात टाकली, लिफ्ट आज बंद राहील म्हणून सांगितलं आणि सरळ शाळा गाठली.

शाळेच्या व्हरांड्यात एका बाकावर त्या दोघी बसल्या आणि मध्ये मी. बबडी माझ्याकडेच बघत होती, आईकडे बघायची तिची हिंमत नव्हती.

“पाटी तू लावलीस,” बाई म्हणाली. “तूच सांग, धोका कुठे आहे.”

“तू रागावशील. फोन काढून घेशील.”

“पाटी लावणाऱ्यावर आमच्याकडे कधी कोणी रागावत नाही.”

मग बांध फुटला. बबडीने रडत, नाक ओढत सगळं सांगितलं, फोटोचंही. बाईचा नवा फोन मध्ये दोनदा वाजला. तिने तो न बघता बंद केला.  शेवटी तिने पोरीला जवळ ओढलं आणि म्हणाली, “तू तर येत होतीस गं माझ्याकडे.” आणि तीही रडली.

त्यानंतर सगळी कामं भराभर झाली. शाळेच्या मोठ्या बाईंना सांगितलं, पोलिसांकडे गेलो. तिथल्या एका पोलीस मावशींनी मला चार्जरला लावलं, काही पुसू नका म्हणाल्या आणि एकेक निरोप उतरवून घेतला. शनिवारी मागच्या गेटशी पोलिसांनी कोणाला पकडलं ते मला कोणी दाखवलं नाही. पोलिसांशी बोलून आल्यावर बाई बबडीला एवढंच म्हणाली की ती कोणाचीच ताई नव्हती.

पोलिसांनी मला परत दिलं त्या दिवशी बबडीने स्वतःच्या हाताने माझी पाटी काढली. मग दोघींनी मला कोरा केला, बबडीचं नाव घातलं, वय दहा लिहिलं, दारं बंद केली. आणि आता ऐका. बाईने शेजारी चहाचा कप ठेवला होता. सगळं संपवून तिने तो तोंडाला लावला तेव्हा चहा अजून गरम होता. एवढंसं काम होतं, मित्रांनो. बाई त्या कपाकडे किती तरी वेळ बघत बसली.

आता मी आणखी म्हातारा झालोय. थोडा वेळच चालतो, तेही चार्जरच्या आधाराने. पण ती पाटी कामाच्या पिशवीत परत गेली नाही. बाईने कामासाठी दुसरी घेतली आणि ही स्वयंपाकघरात खिळ्याला लावली. खिळा मुद्दाम खाली ठोकलाय, बबडीचा हात पोचेल असा. परवा जेवताना बाईचा नवा फोन सारखा वाजत होता, तर बबडी उठली आणि पाटी त्याच्या गळ्यात घालून आली. माझा तो रुबाबदार भाऊ असा काही ओशाळला म्हणता!

तुमच्या घरी अशी पाटी नसेल. आईबाबांची कामं खरी असतात, त्यांची मायाही खरी असते, आणि तरीही ते ‘नंतर’ म्हणतात. अशा वेळी परत आपल्या खोलीत जाऊ नका. माझ्यासारखा जो कोणी तुमच्या हातात असेल, तो त्यांच्या हातात ठेवा आणि म्हणा, “आत्ता.” आम्ही नुसते थरथरू शकतो. तो शब्द तुम्हालाच बोलावा लागेल.