मागची रांग

शुक्रवार पेठेतल्या संस्थेच्या संगणक वर्गात त्रिंबक सर मुलांना मराठी टायपिंग शिकवत. त्यांची रीत वेगळी होती. मागच्या रांगेतली मशीन ते चालूच करू देत नसत. नव्या मुलांनी बंद मशीनपुढे बसायचं, हातांवर टॉवेल पांघरायचा आणि सर सांगतील ते शब्द बडवायचे. पडदा दिसला की डोळे तिकडं पळतात, अक्षरं दिसली की बोटं आळशी होतात, असं त्यांचं म्हणणं. हात बसला की मूल पुढच्या रांगेत जाई आणि चालू मशीनवर वेग वाढवी.

यंदा संस्थेने आपल्या सगळ्या वर्गांत देखरेखीचं सॉफ्टवेअर बसवलं. कुठल्या मशीनवर कुठला प्रोग्राम किती वेळ चालला, ते सात रस्ता चौकातल्या मुख्य ऑफिसात आपोआप कळू लागलं. पहिला अहवाल निघाला आणि ऑफिसातला दिपक टेम्पो घेऊन दारात हजर झाला.

"सर, मागची रांग उचलायची हाय. तिच्यावर टायपिंगचा प्रोग्राम एकदाबी उघडला न्हाय. दुसऱ्या वर्गात पोरं मशीनसाठी ताटकळत्यात."

"वापर तुझ्या डोळ्यांनी बघ की," सर म्हणाले.

मागच्या रांगेत अजीजा आणि धम्मप्रिया या दोन नव्या मुली टॉवेलखाली बोटं चालवत होत्या. नुसती खडखड ऐकू येत होती.

"ह्या काय झाकून पेटी वाजवायल्यात व्हय?" दिपक हसला. मग थोडा वेळ बघत राहिला. "मला पटतंय सर. पर सॉफ्टवेअरला टॉवेल दिसत न्हाय. नुसता प्रोग्राम उघडून ठेवला असता तर ही वेळ आली नसती."

"उघडला असता तर पोरी पडद्याकडंच बघत बसल्या असत्या."

परीक्षा पुढच्या महिन्यात होती आणि या दोघींचे हात अजून बसले नव्हते. पुढच्या रांगेत जागा नव्हती. सर चष्मा पुसत उभे राहिले. दिपकशी भांडून उपयोग नव्हता, तो सांगकाम्या.

"त्या वर्गात की-बोर्ड हायेत का?"

"नवेच आलेत. हे जुने भंगारात जातील."

"मग हे हितंच राहू देत."

दिपकने ऑफिसला फोन लावला. "साहेब, अहवालात की-बोर्डचा वापर येतो का?... येत न्हाय? बरं." त्याने फोन खिशात टाकला. "ठेवा सर."

मशीन टेम्पोत गेली. टेबल ओकंबोकं दिसू लागलं. वायर गुंडाळलेले की-बोर्ड तेवढे मागं उरले. धम्मप्रियाने एक पुढं ओढला आणि शब्दाची वाट बघू लागली.

अजीजाने मात्र आपला उचलून हातावर तोलला.

"सर, हा घरी न्यायला चालंल का?"

इतकी वर्षं सरांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. घरी न्यावं असं वर्गात काही नव्हतंच.

"उद्या येताना घेऊन ये," ते म्हणाले, आणि धम्मप्रियाला पहिला शब्द सांगितला.