अनशापोटी

माझ्या नवऱ्याने, गुणाजींनी, आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, हे मी आमच्या कोपरमधल्या निम्म्या लोकांना तरी सांगितलं असेल. तरी लिव्हर गेलं म्हटलं की माणसं एकमेकांकडे बघतात. जुन्या काविळीने आतून पोखरलं, असं घोडबंदर रोडच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता दुसऱ्याच्या लिव्हरचा तुकडा बसवायचा. माझं जुळलं नाही. जुळलं ते रसिकाचं, आमच्या एकुलत्या एका मुलीचं. चोवीस वर्षांची पोर, आणि तिचं पोट फाडायचं!

रसिका लगेच हो म्हणाली. गुणाजी नाही म्हणाले. मी तरी काय बोलणार? हो म्हणावं तर पोरीला टेबलावर झोपवायचं, नाही म्हणावं तर नवऱ्यावर पाणी सोडायचं. "तीन आठवड्यांनी परत रिपोर्ट काढू," बाई म्हणाल्या. "आकडे सुधारले तर थोडं थांबता येईल." त्यांनी ते सहज म्हटलं. मी तेवढंच घेऊन घरी आले.

त्याच आठवड्यात मोबाईलवर लिचीचा व्हिडिओ आला. लिचीत पॉलिफेनॉल असतात, फ्लेवोनॉइड असतात, ती सूज उतरवतात, लिव्हरच्या पेशी जपतात. आणि गरापेक्षा सालीत नि बियांत जास्त असतात. मी तो वीसदा पाहिला. दहावी नापास बाई मी, पण ते दोन शब्द देवाच्या नावासारखे पाठ केले.

रोज दोन किलो लिची आणायला लागले. "काकी, घरात लग्न आहे काय?" फळवाल्याने विचारलं. मी त्याच्यावर उगाच खेकसले. बिया वाळवून खलबत्त्यात कुटायच्या, साली घालून उकळायच्या, पेलाभर काढा, वर दहा-बारा लिच्या. रसिका सातला ऑफिसला गेली की मग द्यायचा. तिला कळलं असतं तर तिने भांडं मोरीत ओतलं असतं.

आणि द्यायचा तो अनशापोटी. माझ्या सासूने गुळवेल दिली, कारल्याचा रस दिला, सगळं अनशापोटी. पोटात अन्न असलं की औषध अंगी लागत नाही, हे आमच्यात कुणी शिकवावं लागत नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, यांना उपाशी ठेवू नका, झोपताना आणि उठल्याबरोबर खायला द्या. मी मनात म्हटलं, त्यांना गोळ्यांतलं कळतं, काढ्यातलं काय कळणार? संध्याकाळी सातला जेवण, ते दुसऱ्या दिवशी दहापर्यंत दुसरं काही नाही. गुणाजी निमूटपणे प्यायचे. मला वाटायचं, शहाणा माणूस आहे.

दहाव्या दिवशी मी गुपचूप इथल्याच लॅबमध्ये रक्त तपासून घेतलं. काविळीचा आकडा पावणेचारावरून साडेतीनवर आलेला! जिन्यातच रडले. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला झोप लागली. आणि दुसऱ्या दिवसापासून मी बिया दुप्पट केल्या.

त्यानंतर पाचव्या सकाळी काढा दिला, तासाभराने हाक मारली, तर उत्तर नाही. अंग घामाने निथळत होतं. मला ते "आये" म्हणाले, आणि मग हातपाय झाडायला लागले. शेजाऱ्यांच्या गाडीतून नेलं. घोडबंदरला गाड्या तुंबलेल्या. मी काच खाली करून रस्त्यावरच्या प्रत्येकाला शिव्या घातल्या.

रक्तातली साखर चौतीसवर आली होती. "काय खाल्लं यांनी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. रसिका ऑफिसमधून धावत आली होती, शेजारीच उभी होती. मी सगळं सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत, तेच सोसवेना. "लिचीत ते गुण आहेत," त्या म्हणाल्या. "पण ते प्रयोग बहुतेक उंदरांवरचे, अर्क काढून केलेले. आणि बियांत साखर खाली आणणारंही काही असतं. उपाशीपोटी साखर सांभाळायचं काम लिव्हरचं. यांच्यात ती ताकदच नाही. आणि आकडा तेवढा वरखाली होतच असतो. आता थांबता येणार नाही. याच आठवड्यात ऑपरेशन."

रसिका फॉर्म आणायला गेली.

संध्याकाळी गुणाजी शुद्धीवर आले. "मला कळत होतं," म्हणाले. "गेले चार दिवस, काढा घेतला की हात कापायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू बंद केलं असतंस. मी गेलो असतो तर पोरीला कापायची पाळी आली नसती."

माझा संताप संताप झाला. "आणि माझ्या हातून? माझ्या हातून जायचं होतं तुम्हाला?"

एवढ्यात रसिका फॉर्म घेऊन आली. त्यांची सही हवी होती. त्यांनी मान हलवली, नाही.

"करा," मी म्हणाले. "उरलेलं आयुष्य नवऱ्याला मारणारी बाई म्हणून काढू काय मी?"

त्यांनी पेन घेतलं. सही वेडीवाकडी आली. मग रसिकाने तिची केली, सुवाच्य, घाई न करता, आणि कागद माझ्यापुढे धरला.

"आई, घरच्यांची संमती. इथे."

मी सही केली, आणि पेन तिला परत देताना तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.