चौदा गाठी आणि माझा एक डोळा

मित्रांनो, ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या दवाखान्यात, काचेच्या कपाटात एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक उभा आहे. तो मी. माझा आरसा डागाळला आहे, स्क्रू फिरवला की कुरकुरतो. पण १८९८ च्या जानेवारीत मी जे पाहिले ते आठवले की माझी नळी आजही थरथरते.

माझी भिंगे विलायतेत घासली गेली. बोटीने मी मुंबईस आलो आणि आठ वर्षे वैद्यकीच्या विद्यार्थ्यांच्या पापण्या माझ्यावर आपटल्या. मग नुकतेच डॉक्टर झालेले हरिहरराव मला ठाण्याला घेऊन आले. धुऊन मऊ झालेल्या धोतराच्या तुकड्याने ते माझा डोळा पुसत. मी अगदी खुशीत होतो.

१८९८ च्या सुरुवातीला खाडीकाठचा मच्छीमार अल्फान्सो दवाखान्यात आला. अन्न पोटात ठरत नव्हते. जठरात कर्करोग होता. मुंबईहून एक शस्त्रवैद्य आले. त्यांनी जठराचा खालचा भाग कापून काढला आणि उरलेले जठर आतड्याला शिवले. जगात ही शस्त्रक्रिया यशस्वी होऊ लागून जेमतेम सतरा वर्षे झाली होती. नवव्या दिवशी अल्फान्सो पेजेऐवजी मासळी मागून भांडू लागला, तेव्हा हरिहररावांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण त्याची बायको लुर्दस हिचा प्रश्न वेगळाच होता. त्यांच्या जुलियाचे लग्न ठरले होते. ईस्टरआधीचे उपास सुरू झाले की लग्न लागत नाही, आणि उपासांना महिनाच उरला होता.

"हा म्हणतो, पुढच्या सालाला करू, घुमट मीच वाजवीन," लुर्दस म्हणाली. "डागदर, खरं सांगा. पुढच्या सालाला हा असंल ना?"

हरिहरराव माझ्याकडे वळले. शरीरात रक्ताखेरीज लसिका नावाचा पाणचट रस वाहतो. त्याच्या वाटेवर लहान लहान गाठी चौकीसारख्या बसलेल्या असतात. कर्करोग पुढे सरकला असेल, तर या चौक्यांत त्याचा माग लागतो. जठराबरोबर अशा गाठी निघाल्या होत्या आणि त्या बरणीत स्पिरिटमध्ये ठेवल्या होत्या. त्यातली सर्वांत मोठी, आवळ्याएवढी गाठ डॉक्टरांनी मेणात बसवली, वस्तऱ्याने पातळ काप काढला, निळा रंग दिला आणि माझ्याखाली सरकवला. मी डोळा ताणून पाहिले. सगळीकडे मोहरीसारखे निळे ठिपके, एकसारखे. गाठ नुसती सुजली होती. कर्करोग नव्हता!

"गाठ स्वच्छ आहे, लुर्दसबाई."

"येकच बगितली? बाकीच्या?"

"ही सर्वांत मोठी होती."

"जाळं तपासताना आमी मोठी गाठ बघत नाय, डागदर. बारकी सुटली का मासळी गेली. सगळ्या बोटांखालून जातात."

हरिहररावांनी दवाखान्याच्या गड्याला हाक मारली. "नाथा, ती बरणी आण."

नाथा जागचा हलेना. "ती पुरली, साहेब. विहिरीमागं. वर चुना टाकला."

"का रे?"

"तुम्हीच म्हणालात, गाठी आहेत म्हणून. मला काय ठाऊक कुठल्या गाठी."

त्या दिवसांत प्लेगला लोक गाठीचा ताप म्हणत. गाठ हा शब्द ऐकताच गल्ल्या रिकाम्या होत. लुर्दस तोंडाला पदर लावून हसली, आणि कोपऱ्यातली कुदळ घेऊन आधी तीच विहिरीमागे गेली.

बरणीचे बूच घट्ट होते. आत तेरा गाठी शाबूत होत्या. चार दिवस खिडकीचे ऊन माझ्या आरशावर पडत राहिले. पहिली स्वच्छ. दुसरी स्वच्छ. बारा झाल्या. तेराव्या, जोंधळ्याएवढ्या गाठीत निळ्या ठिपक्यांमध्ये कर्करोगाच्या मोठ्या, फिकट पेशींची कडी दिसली. डॉक्टरांनी स्क्रू मागे-पुढे केला. पेशी तिथेच होत्या.

"चौदांपैकी एकीत आहे," त्यांनी लुर्दसला सांगितले. "बऱ्याच गाठींत असता तर मी फार घाबरलो असतो. एकीत आहे म्हणून आशा आहे. किती, ते मला ठाऊक नाही. पण लग्न पुढे ढकलू नका."

लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या अंघोळीचे पाणी, आणायला मिरवणूक गावच्या विहिरीवर गेली, तेव्हा अल्फान्सो खुर्चीत बसून मांडीवरचा मातीचा घुमट वाजवत होता. हरिहररावांनी परत येऊन मला सगळे सांगितले. मी तर ठाण्याला आल्यापासून दवाखान्याबाहेर कधी पडलोच नव्हतो.

तो आणखी दोन वर्षे चार महिने जगला. जुलियाच्या मुलाला त्याने खांद्यावर घेतले. हरिहररावांनी वहीत लिहिले: गाठी चौदा, बाधित एक. खाली पुढच्या रुग्णांसाठी त्यांनी कोऱ्या ओळी आखल्या.

मित्रांनो, आता माझ्या भिंगावर बुरशी चढते आहे. मऊ धोतराचा एक तुकडा आणा आणि हलक्या हाताने माझा डोळा पुसा. आणि माझ्याखाली काही ठेवाल तेव्हा मोठे तेवढेच ठेवू नका. जोंधळ्याएवढी ती तेरावी गाठ मला अजून दिसते.