कानबाई मागावी लागते

मित्रांनो, मी एक जुना नारळ आहे. हसू नका! नारळाचं आयुष्य ते किती, असं तुम्हाला वाटत असेल. माझ्याबरोबर पोत्यातून अमळनेरच्या बाजारात आलेले माझे भाऊ कधीच फुटले. कुणी देवळाच्या पायरीवर, कुणी चटणीसाठी. मला मात्र भिकुबाईंनी निवडलं. त्यांनी मला कानाशी धरून हलवलं, शेंडी ओढून पाहिली आणि दुकानदाराला म्हणाल्या, "हाई मनी कानबाई शे." त्या दिवसापासून मला फोडायचा विचारही कुणी केला नाही.

आमच्या खानदेशात कानबाई ही घरची देवी. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरोघर बसते. मला हळदकुंकू लावतात, नथ घालतात, लहानसं लुगडं नेसवतात, आणि काय सांगू, मग मी नारळ राहतच नाही! पुरणपोळीचा नैवेद्य काय, बायकांच्या फुगड्या काय, भाऊबंदांची ही गर्दी! सोमवारी वाजतगाजत नदीवर नेऊन मला न्हाऊ घालतात आणि परत घरी आणतात. बाकी वर्षभर मी लाल फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात बसतो. आतलं पाणी केव्हाच आटलं, खोबरं सुटं झालं. हलवलं की मी खुळखुळ वाजतो. म्हातारपण, दुसरं काय!

या घराची एक रीत आहे. कानबाई कुणी आपणहून देत नाही. पुढचीने पदर पसरून मागायची, तेव्हाच आधीची ती पदरात घालते. देवी कुणाच्या गळ्यात मारायची नसते, असं भिकुबाई म्हणायच्या. त्यांची सून प्रमिलाबाई, तिनेही मला असंच मागून घेतलं. आणि घरात मागणारं कुणी उरलंच नाही, तर नारळ नदीत सोडतात. मग तो परत आणत नाहीत.

प्रमिलाबाईंचे पुढे गुडघे गेले. मुलगा नवल आणि सून मेघा कामाधंद्यासाठी सुरतला, पण कानबाईला न चुकता गावी यायचे. प्रमिलाबाई दर वर्षी वाट बघायच्या. मेघा पुरण वाटायची, गाणी म्हणायची. मला नथ घालताना तिचा हात किती हळू असायचा! पण मागायचं काही नाव नाही. शेवटी एका वर्षी, सण तोंडावर आला असताना, प्रमिलाबाई माझ्यासमोर बसून रडल्या. "माय, तिले तू नको शे. मन्हाकडथून आते व्हत नई. औंदा तुले नदीलेच देसू."

 आणि त्याच दुपारी मेघा देव्हारा पुसायला आली आणि खरी गोष्ट मला कळली.

"तू आईकडे कानबाई मागत का नाहीस?" नवल तिला विचारत होता.

"मनात फार आहे हो," ती म्हणाली. "पण आई असताना कशी मागू? त्यांना वाटेल, सून माझ्या जाण्याचीच वाट बघतेय."

आता बघा! एक म्हणते, ती मागत नाही. दुसरी म्हणते, मागू कशी. दोघी एकाच ओट्याशी उभ्या राहून सैपाक करत होत्या आणि मनातलं मनातच ठेवत होत्या. अगं बायांनो, बोला की! मी आतल्या आत किती ओरडलो. पण नारळाला तीन डोळे असले तरी तोंड कुठे असतं?

सोमवारी नदीवर माझी आंघोळ झाली. बाया गाणी म्हणत परत फिरल्या, पण प्रमिलाबाई मला घेऊन पाण्यात तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि मला सोडून दिलं. बोरी नदीला चांगलं पाणी होतं. मी तरंगत निघालो. खोटं कशाला सांगू, फार भीती वाटली.

"आई, हात सुटला का?" काठावरून मेघा ओरडली आणि नव्या साडीनिशी पाण्यात धावली. कमरेएवढ्या पाण्यात तिने मला गाठलं आणि छातीशी धरलं.

"सुटना नई. मीच सोडी दिधं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तुले नको शे ना?"

"मला नको? आई, किती वर्षं जीव तळमळतोय माझा! पण तुम्ही असताना मागू कशी?"

प्रमिलाबाईंनी कपाळावर हात मारला. "अवं येडी! मी मांगी तव्हय मनी सासू जित्तीच व्हती ना! नुसती जित्ती नई, मन्या चुका काढत बसनी!"

मेघा रडता रडता हसली. तिने मला सासूच्या हातात ठेवलं, तिथेच ओला पदर पसरला आणि म्हणाली, "आई, मला कानबाई द्या."  प्रमिलाबाईंनी मला तिच्या पदरात घातलं आणि तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

आता मी सुरतला असतो. श्रावणात प्रमिलाबाई तिकडे येतात, खुर्चीवर ठाण मांडतात आणि "पुरण पातळ झायं, नथ वाकडी शे" म्हणून मेघाला दिवसभर हैराण करतात. मेघाही तोंड भरून हसते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी आजी दिवा लावताना, कुणी आबा पोथी उघडताना तुमच्याकडे हळूच बघतात ना? ती माणसं बोलणार नाहीत. तुम्हीच जवळ जा आणि म्हणा, "मला शिकवा." घाबरू नका. मागितलं म्हणून कुणी मरत नाही रे बाळांनो, उलट त्यांना जगायला नवं काम मिळतं.